'सामना': एका नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी

गेल्या प्रायश्चित्तकाळात वालीव येथील काही युवकांसमवेत आम्ही 'सामना' हा मराठी चित्रपट पुन्हा पाहिला. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला व डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला होता. इतक्या वर्षांनंतरही त्याची धार बोथट झालेली नाही.

हिंदूराव धोंडे पाटील हे साखर कारखान्याच्या बळावर पंचक्रोशीचे धनी झालेले पुढारी. निळू फुले यांनी त्यांना केवळ खलनायक म्हणून रंगविलेले नाही. त्यांचे हिंदूराव कर्तबगार आहेत, पाहुण्याचा मान राखणारे आहेत. म्हणूनच त्यांचे अधिक भय वाटते. त्यांच्या आश्रयाला येतो एक मद्यपी, फाटका मास्तर. डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेला हा मास्तर हिंदूरावांचेच अन्न खातो, त्यांचीच दारू पितो आणि तरीही विचारीत राहतो की, मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले? त्या एका प्रश्नाने हिंदूरावांच्या साम्राज्याचा पाया खचू लागतो.

सत्ताधीशाच्या उदयास्ताचे चित्रण म्हणून ऑर्सन वेल्स यांचा 'सिटिझन केन' (१९४१) जगभर वाखाणला जातो. तेथे वार्ताहर धनाढ्य केनच्या अखेरच्या शब्दाचा अर्थ शोधतो; कोडे असते ते त्या बड्या माणसाच्याच अंतःकरणाचे. 'सामना'तील शोध मात्र ज्याची कोणी नोंद ठेवली नाही, अशा माणसाचा आहे. हा फरक आम्हांस मोलाचा वाटतो. दावीद राजाला उरियाच्या मृत्यूचा जाब विचारणाऱ्या नाथान संदेष्ट्यापाशी परमेश्वराची आज्ञा तरी होती. मास्तरापाशी कोणताच अधिकार नाही.

एक उणीव नमूद केली पाहिजे. दोन समर्थ नटांच्या जुगलबंदीकडे चित्रपटाचा तोल झुकतो आणि मारुती हा माणूस म्हणून कमी, प्रश्न म्हणून अधिक उरतो.

चर्चेच्या वेळी वालीवमधील एका गाळ्यात काम करणारा युवक म्हणाला, "फादर, यंत्रात हात सापडून आमच्यातला एक जण गावी गेला. आठवड्यात त्याच्या जागी दुसरा आला. त्याचे काय झाले, हे आम्ही कोणी विचारले नाही."

सभागृह स्तब्ध झाले. आम्हीही ओशाळलो. त्याच गाळ्याच्या मालकाकडे सणाच्या वर्गणीसाठी आम्ही गेलो होतो. चहा घेतला, पावती दिली आणि परतलो होतो.

ज्याचे मीठ खाल्ले त्याला प्रश्न विचारू नये, असे आपण मानतो. मास्तराने नेमके तेच केले, आणि तोही काही निष्कलंक नव्हता. निष्कलंक होईपर्यंत थांबायचे ठरविले, तर मारुतीची चौकशी कोण करणार?

त्या कामगाराच्या गावचा पत्ता आम्ही आता मिळविला आहे.