'ऑनेस्ट' आणि 'प्रामाणिक'

कांहीं शब्द इतके सोपे असतात कीं, त्यांच्यासाठीं कोश उघडावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. इंग्रजींतील 'ऑनेस्ट' हा असाच एक शब्द. शाळेंत तो भेटतो, गुरुजी त्याच्यापुढें 'प्रामाणिक' असें लिहून देतात, आणि तेवढ्यावर जन्म निभावतो. शेक्सपिअरचें 'ऑथेल्लो' शिकवितांना आम्हींही कित्येक वर्षें हेंच केलें. एके दिवशीं एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, "सर, इयागो प्रामाणिक कीं अप्रामाणिक, हा प्रश्न समजतो, पण डेस्डिमोना प्रामाणिक आहे कीं नाहीं, याचा ऑथेल्लोला एवढा घोर कां? तिनें कोणाचे पैसे बुडविले आहेत?" वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. घरीं आल्यावर मात्र त्या हंसण्याची आम्हांस लाज वाटली. तिचा प्रश्न चुकला नव्हता. आम्हीं पुरविलेला अर्थ तोकडा होता.

मान, प्रतिष्ठा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचच्या वाटेनें 'ऑनेस्ट' इंग्रजींत आला. आरंभीं तो 'मानास पात्र' एवढेंच सांगे. पण मान कशानें मिळतो, याचें उत्तर समाज माणूस पाहून देतो. आणि तेथेंच शब्दाला फांटे फुटले. पुरुषानें खरें बोलावें, मित्रास दगा देऊं नये, म्हणजे तो 'ऑनेस्ट'. स्त्रीच्या बाबतींत कसोटी एकच, शीलाची. विवाह करून स्त्रीला 'ऑनेस्ट' करणें, हा वाक्प्रचार इंग्रजींत अद्याप ऐकूं येतो. तिसरा अर्थ वरच्यानें खालच्याची पाठ थोपटण्याचा. जुन्या गड्याला किंवा कुत्र्याला आपण 'इमानी' म्हणतों, त्यांतलें कौतुक आणि त्यांतली पायरी या अर्थांत आहे. आणि इमानीपासून भोळा व भोळ्यापासून मूर्ख हीं अंतरें फार लांब नाहींत.

विल्यम एम्प्सन यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, 'ऑथेल्लो'मध्यें हा शब्द व त्याचें भाववाचक रूप मिळून बावन्न वेळां येतें, अशी गणना दिली आहे. मोजदाद त्यांची, पण तिच्यामागें काय आहे, हें नाटक पुन्हा वाचून ज्यानें त्यानें पाहावें. इयागोला बढतीची आशा होती. नायबाची जागा कॅसिओला मिळाली, आणि इयागो निशाणबरदारच राहिला. सारेजण त्याला 'ऑनेस्ट' म्हणतात. एकाला हुद्दा, दुसऱ्याला विशेषण! पहिल्याच प्रवेशांत धन्यासाठीं राबणाऱ्या 'ऑनेस्ट' सेवकांना तो चाबकाच्या लायकीचे ठरवितो, तें या विशेषणाची किंमत ओळखूनच.

एम्प्सन यांचा भर इयागोवर, म्हणजे शब्दाच्या पुरुषी अर्थांवर अधिक आहे. आमच्या मतें नाटकाचा घात शब्द पुरुषाकडून स्त्रीकडे वळतो तेथें होतो. तिसऱ्या अंकांतील तो प्रसिद्ध प्रवेश पाहा. कॅसिओ 'ऑनेस्ट' आहे ना, असें ऑथेल्लो विचारतो. इयागो उत्तर देत नाहीं. तोच शब्द प्रश्न करून परत करतो. थोड्या वेळानें तोच शब्द डेस्डिमोनेविषयीं ऑथेल्लोच्या तोंडीं येतो, आणि त्याच प्रवेशांत इयागोच्या 'ऑनेस्टी'ची वाखाणणीही तोच करतो. तिघांना एकच शब्द. माप मात्र तिघांचें निराळें. पुढें तर तो तागडींत पडल्यासारखा होतो. इयागोचें पारडें जड झालें कीं डेस्डिमोनेचें उचललें जातें. दोघेंही 'ऑनेस्ट' असूं शकत नाहींत, एवढें ऑथेल्लो बरोबर जाणतो. खोटा कोण, एवढेंच चुकतो.

मराठींत ही तागडी उभी राहत नाहीं. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ सालीं या नाटकाचें भाषांतर केलें. गोविंद बल्लाळ देवलांचें 'झुंझारराव' हें रूपांतर १८९० चें. हें नाटक मराठींत आणणाऱ्या कोणाही लेखकापुढें अडचण तीच. पुरुषाला 'प्रामाणिक', सेवकाला 'इमानी', स्त्रीला 'पतिव्रता' म्हटलें कीं प्रत्येक वाक्य बिनचूक होतें, आणि त्यांना बांधणारा दोरा तुटतो. येथें भाषांतरकाराचा दोष नाहीं. आपल्या भाषेनें ज्या गोष्टींसाठीं तीन निराळे शब्द ठेवले, त्या इंग्रजीनें एकाच शब्दांत राहूं दिल्या होत्या.

तथापि 'प्रामाणिक' हा शब्दही रिकाम्या हातीं येत नाहीं. तो 'प्रमाण' शब्दापासून निघाला. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष हें एक प्रमाण, अनुमान हें दुसरें, आणि विश्वासू माणसाचें वचन म्हणजे आप्तवाक्य, हेंही एक. ऑथेल्लो डोळ्यांना दिसेल असा पुरावा, म्हणजे प्रत्यक्ष, मागतो. त्याच्या हातीं येतो एक रुमाल आणि त्यावर उभारलेलें लंगडें अनुमान. बाकी सारें इयागोचें वचन. आप्त नव्हे त्याला आप्त मानलें, आणि पुढें जें दिसलें तें त्याच्याच डोळ्यांनीं पाहिलें. हा प्रमाणाचा घोटाळा 'ऑनेस्ट' शब्द उघड सांगत नाहीं, 'प्रामाणिक' सांगतो.

आतां वर्गांत आम्ही 'ऑनेस्ट'पुढें एकच शब्द लिहून देत नाहीं. कोशांत अर्थांना आंकडे घालून ओळीनें बसवितात, आणि कोशाला तें शोभतें. माणसाच्या तोंडीं ते असे शिस्तींत बसत नाहींत. एकाच्या आड दुसरा उभा असतो. ऑथेल्लोला हें कोणीं सांगितलें नव्हतें. आमच्या विद्यार्थ्यांना तरी तें सांगणें आमच्याकडे होतें, आणि इतकीं वर्षें आम्हीं तें सांगितलें नाहीं.