डिजिटल पियानोचं रेकॉर्ड बटण नेमकं काय नोंदवतं?

‘वेगळं उपकरण लागणार नाही, पियानोतच रेकॉर्डिंग आहे,’ असं मी पायलट स्टडीआधी गाईडना छातीठोकपणे सांगितलं होतं. आठ विद्यार्थ्यांचं वादन घेऊन झालं आणि मग कळलं, की मला जे मोजायचं होतं तेच नोंदीत नाहीये. म्हणून आज या बटणाची जरा चिकित्सा करू. तुमचं उपकरण वेगळं असेल, पण चूक हीच होऊ शकते.

आधी मूळ मुद्दा. डिजिटल पियानोत दोन प्रकारचं रेकॉर्डिंग असू शकतं. ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी. दुसरं मिडी, म्हणजे १९८३ मध्ये आलेलं मानक. मिडीत आवाज साठवलाच जात नाही. कोणती पट्टी, कधी, किती वेगाने दाबली, कधी सोडली, पेडल कधी दाबलं, एवढीच यादी असते. आवाज ऐकवताना नव्याने तयार होतो. म्हणूनच पियानोवर वाजवलेलं नंतर ऑर्गनच्या आवाजात ऐकता येतं.

संशोधनाला ही यादी म्हणजे सोन्याची खाण, हे मान्यच करायला हवं. पंख्याची घरघर नाही, कुकरची शिट्टी नाही. स्वर कधी सुरू झाला हे ध्वनिलहरीतून शोधत बसावं लागत नाही. ‘मॅएस्ट्रो’ हा प्रसिद्ध डेटासेट बघा. स्पर्धांमधलं सुमारे २०० तासांचं वादन, ऑडिओ आणि मिडी यांची जुळणी साधारण ३ मिलिसेकंदांपर्यंत अचूक. पण तिथे मिडीसोबत ऑडिओही आहे, हे विसरू नका.

आता माझी फजिती. नवशिके पहिला स्वर वाजवण्याआधी किती वेळ घुटमळतात, हा माझा प्रश्न होता. माझ्या पियानोवर रेकॉर्ड बटण दाबलं की यंत्र नुसतं सज्ज होतं. नोंद सुरू होते ती पहिली पट्टी दाबल्यावर. म्हणजे घुटमळणं आपोआप कापलं गेलं! रियाज करणाऱ्याला ही सोयच आहे, सुरुवातीची शांतता कोणाला ऐकायचीय? माझ्यासाठी मात्र तीच शांतता डेटा होती. आणि हो, मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. पट्टी दाबण्याचा वेग १ ते १२७ अशा आकड्यात येतो. आकडा दिसला की तो वस्तुनिष्ठ वाटतो. पण बहुतेक पियानोंवर ‘टच’चं सेटिंग बदललं की त्याच बोटाला वेगळा आकडा मिळतो. ‘फिक्स्ड’ ठेवलं तर हळू काय आणि जोरात काय, सगळं सारखंच. दोन विद्यार्थ्यांच्या मध्ये कोणी ते बटण फिरवलं असेल, तर तुमची तुलना गेली पाण्यात.

मग बटण वापरूच नये का? जरूर वापरा. फक्त आधी स्वतःवर चाचणी घ्या: बटण दाबा, दहा सेकंद थांबा, तोच स्वर हळू आणि जोरात वाजवा, आणि फाइल उघडून बघा. प्रत्येक सत्राची सेटिंग्ज वहीत लिहा. शेजारी फोनवर ऑडिओही चालू ठेवा. आणि फाइल लगेच बाहेर काढा, कारण अनेक साध्या मॉडेलांवर पुढचं रेकॉर्डिंग आधीचं पुसून टाकतं.

माझी आठही सत्रं आता पुन्हा होतील. पण तेच विद्यार्थी तीच धून दुसऱ्यांदा वाजवताना पहिल्यासारखे घुटमळणार नाहीत. त्यामुळे मला नवे आठ जण शोधावे लागताहेत.