चार मिनिटांचा व्यायाम : आकडे कोणाचे, मुले कोणाची?

वीस सेकंद सर्व शक्तीनिशी धावायचे, दहा सेकंद थांबायचे, असे आठ वेळा करायचे; चार मिनिटांत तासाभराच्या धावण्याचे फळ मिळते, असा सल्ला आज बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांनाही दिला जातो. ‘ताबाटा पद्धत’ या नावाने तो मोबाइलवरील चित्रफितींतून गावोगाव पोहोचला आहे. सल्ला विज्ञानाच्या नावाने दिला जात असल्याने तो विज्ञानाच्याच कसोटीवर तपासून पाहिला पाहिजे.

व्यायामाचा असा डोळसपणे विचार करणे वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. अशा परंपरेच्या प्रदेशात परदेशी पद्धतीचे स्वागत जरूर व्हावे, पण ते मोजून मापून व्हावे.

जोराचा व्यायाम आणि विश्रांती आलटून पालटून घेण्याची कल्पना तशी जुनीच आहे. 1930 च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गेर्शलर हे प्रशिक्षक व राइंडेल हे डॉक्टर यांनी तिला शास्त्रीय रूप दिले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळविणारा एमिल झाटोपेक असाच तुकड्यातुकड्यांनी सराव करीत असे. आपल्या खो-खोतही बसलेला खेळाडू खो मिळताच उसळून धावतो आणि खो देऊन पुन्हा बसतो. बास्केटबॉलचा खेळही असाच आहे : झेप, धाव, उडी आणि मध्येच थोडी उसंत. त्यामुळे खंडशः सराव या खेळाला उपयुक्त आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्या ‘वीस-दहा-आठ’ या आकड्यांविषयी.

हे आकडे आले कोठून? इझुमी ताबाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून. त्यात दोन वेगवेगळे प्रयोग आहेत. दोन्हींत शारीरिक शिक्षण शिकणारे प्रत्येकी सात तरुण होते आणि प्रत्येक प्रयोग सहा आठवडे चालला. पहिल्या गटाने आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास मध्यम वेगाने व्यायाम केला. दुसऱ्या गटाने वीस सेकंद जोर व दहा सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या केल्या. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या मापात पहिल्या गटात दर किलो वजनामागे 5 मिलिलिटर, तर दुसऱ्यात 7 मिलिलिटर वाढ झाली. प्राणवायूच्या पुरवठ्यावर न विसंबता ऊर्जा मिळविण्याची क्षमता पहिल्या गटात वाढली नाही. दुसऱ्यात ती 28 टक्क्यांनी वाढली.

निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. परंतु प्रचारात तीन गोष्टी गळून पडल्या. एक, हा व्यायाम धावण्याचा नव्हता. प्रयोगशाळेतील स्थिर सायकलवर बसून केलेला होता. दोन, जोर इतका होता की केवळ प्राणवायूवर तो भागवायचा, तर शरीराच्या कमाल क्षमतेच्या 170 टक्के प्राणवायू लागला असता. मैदानावर नुसते ‘जोरात’ म्हटल्याने ही तीव्रता साधत नाही. तीन, दुसरा गट आठवड्यातील एका दिवशी अर्धा तास मध्यम वेगाचा व्यायामही करीत होता. ‘फक्त चार मिनिटे’ हा दावा मूळ निबंधाशीच जुळत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न वयाचा. मूल म्हणजे छोट्या मापाचा प्रौढ नव्हे. वयात येण्यापूर्वी मुलांचे स्नायू प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या ऊर्जानिर्मितीवर अधिक अवलंबून असतात. म्हणून जोराच्या धावेनंतर ती मोठ्यांपेक्षा लवकर ताजीतवानी होतात, पण त्या धावेत त्यांची ताकदही तुलनेने कमी असते. खंडशः सरावाने किशोरांची सहनशक्ती वाढते, असे पुढील अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र प्रौढांवर मिळालेले आकडे जसेच्या तसे त्यांना लागू होत नाहीत. शिवाय आठवीच्या एकाच वर्गातील दोन मुलांत शरीराच्या वाढीचे अंतर दोन-तीन वर्षांचे सहज असते. त्यांना एकाच शिट्टीवर पळविणे हा समान न्याय नव्हे. सायकलवर नसलेला आणखी एक ताण बास्केटबॉलमध्ये आहे : उडीनंतर जमिनीवर उतरण्याचा. थकलेल्या शेवटच्या फेऱ्यांत उतरताना तोल बिघडतो, आणि गुडघ्याखालच्या वाढत्या हाडाला हे झटके सोसावे लागतात.

यात वऱ्हाडाच्या हवेची भर पडते. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून तापली, की शरीर हवेला उष्णता देण्याऐवजी हवेकडूनच घेऊ लागते. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून ही घेवाणही अधिक. मग घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो, आणि त्याला पाणी लागते. उन्हाळी शिबिरात सकाळी नऊनंतर, तापलेल्या सिमेंटच्या मैदानावर ‘शेवटपर्यंत’ पळविणे म्हणूनच धोक्याचे आहे. पावसाळ्यात ऊन नसते, पण दमट हवेत घाम वाळत नाही, हेही विसरू नये.

मग शिक्षकांनी काय करावे? आकडे आपल्याच मैदानावर शोधावेत. बास्केटबॉलचे मैदान 28 मीटर लांब असते. स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक मुलाच्या एका फेरीची वेळ टिपावी. सुरुवातीस दहा-पंधरा सेकंद जोर आणि त्याच्या दोन-तीन पट विश्रांती पुरे. वेळ पहिल्या फेरीपेक्षा दहाव्या हिश्श्याने वाढली, की त्या मुलाचा सराव थांबवावा. हा केवळ व्यवहारातला अंदाज आहे. अनुभवाने तो बदलावा. फेरीनंतर लगेच आणि एक मिनिटाने नाडीचे ठोके मोजावेत. ‘220 वजा वय’ या सूत्रावर मात्र विसंबू नये. मुलांचे कमाल ठोके वयाबरोबर तसे घटत नाहीत. बहुतेकांत ते दोनशेच्या आसपासच राहतात. चक्कर, डोकेदुखी किंवा मळमळ दिसताच खेळ बंद, सावली आणि पाणी. मूल बरळू लागले किंवा बेशुद्ध पडले, तर अंगावर भरपूर थंड पाणी ओतत त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

या नोंदींचे आलेख नववी-दहावीचे विद्यार्थी स्वतः काढू शकतात. सहा आठवड्यांनी आपल्या शाळेतील मुलांना कोणते प्रमाण मानवले, हे त्यांना दिसेल. एखाद्या मुलाचा आलेख इतरांहून वेगळा निघाला, तर त्याला आळशी ठरवू नये. त्याच्यासाठी विश्रांतीचे सेकंद वाढवून पुन्हा मोजावे.