दोन सेफ्टी पिना आणि एक मोटर

विज्ञान समजावणारे छोटे व्हिडिओ आता घरोघरी पोचले आहेत. कृष्णविवर घ्या नाहीतर मायक्रोवेव्ह, दहा मिनिटांत सगळं हजर. वर झकास अॅनिमेशन आणि पार्श्वसंगीत. मुलं बघतात, 'कळलं' म्हणतात आणि आपण धन्य होतो. आयटी सल्लागाराच्या पेशामुळे मला मात्र एक खोड लागली आहे. सादरीकरण जितकं गुळगुळीत, तितकी माझी शंका मोठी!

ही शंका निराधार नाही. 'व्हेरिटेसियम' या लोकप्रिय चॅनेलचे डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली, २००८ साली. स्वच्छ, सरळ व्हिडिओ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'छान समजलं' असं सांगितलं, पण परीक्षेत त्यांचे गुण जेमतेम हलले. दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत विद्यार्थ्यांच्या डोक्यातल्या चुकीच्या कल्पना आधी बोलून दाखवल्या होत्या. वर फेकलेल्या चेंडूला हाताचा जोर हवेतही ढकलत राहतो, ही त्यातलीच एक. (तुम्हालाही तसंच वाटतं ना?) मग त्या खोडल्या. हे पाहणारे गोंधळले, पण शिकले.

म्हणून माझं मत अरविंद गुप्तांच्या व्हिडिओंना. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर २००३ ते २०१४ पुण्याला आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यातून खेळणी करून दाखवणारे त्यांचे व्हिडिओ बहुतेक मिनिट-दोन मिनिटांचेच. ना अॅनिमेशन, ना नाट्य. दिसतात फक्त दोन हात.

त्यांची मोटर बघा. एक सेल, सायकलच्या ट्यूबचा रबरबँड, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. सगळी मेख तारेच्या टोकांवर आहे. मुलामा तीन बाजूंनी खरवडायचा, चौथी बाजू तशीच ठेवायची. हावरटपणे सगळा खरवडलात तर चुंबक अर्ध्या फेरीत वेटोळ्याला पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे. ते नुसतं डुलत बसतं. चौथ्या बाजूला वीज तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगात पुढे जातं. हे ऐकून पटतं, पण डुलणारं वेटोळं समोर असलं की 'का?' हा प्रश्न मुलाचा स्वतःचा होतो.

दोष आहेतच. कृती सुरेख, पण कारण सांगायला तिथे फारशी उसंत नसते. बघणाऱ्याजवळ जाणतं माणूस हवं. आणि आपल्या घरी ते माणूस ऑफिसचा कॉल घेऊन बसलेलं असतं.

मला महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. यातले कित्येक व्हिडिओ मराठीतही आहेत. इथल्या आपल्या मुलांची मराठी म्हणजे आजीचा फोन, गणपतीची आरती आणि आईची ओरड. विचार करायला इंग्रजी. पण मुलामा खरवडताना, वेटोळं अडलं की 'थांब, उलटं लाव' म्हणताना तीच मराठी कामाला लागते. मंडळाच्या मराठी वर्गात एखाद्या रविवारी पाढ्यांऐवजी ही मोटर करून बघायला काय हरकत आहे? तार आणि चुंबक मी आणतो. सेफ्टी पिना तर प्रत्येक नऊवारीत सापडतील.