छायाबाहुल्या, खासबाग आणि 'राजी'

संगणकावरील खेळ हा वाङ्मयीन परीक्षणाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आमच्या काही वाचकांना येईल. परंतु ज्या खेळात कथा आहे, पात्रे आहेत, निवेदक आहे आणि शेवट गाठण्यासाठी चार-पाच तास खर्ची पडतात, त्याला कथेच्या कसोट्या लावायला हरकत नसावी. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा असा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक सोहळ्यात पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. येथील धर्मग्रामातील मुले तो सुट्टीत खेळली. एक जण खेळे, दुसरा मोठ्याने समालोचन करी, बाकीचे पाहत. आम्हीही त्यांच्यासमवेत तो अथपासून इतिपर्यंत पाहिला.

कथा साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो. कथा सांगणारेही हेच दोघे. राजीची धडपड ते वरून पाहतात आणि तिच्याविषयी आपापसांत बोलतात. म्हणजे समालोचन खेळाच्या पोटातच आहे. आमच्या मुलाने केले ते समालोचनावरचे समालोचन!

काही पालकांनी आम्हांला विचारले, देवदेवता असलेला हा खेळ मुलांनी खेळावा काय? फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापले, ते पुराणाच्या साच्यात आणि ओवीच्या चालीवर. शेजाऱ्याची कथनशैली जाणून घेतल्याने श्रद्धा डळमळते असे त्यांना वाटले नाही. आम्हांलाही वाटत नाही. आमचे आक्षेप वेगळे आहेत.

प्रथम गुण सांगतो. कथेचे दुवे जोडणारी दृश्ये छायाबाहुल्यांच्या धर्तीवर रंगवली आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी यांचे खेळ करीत आले आहेत. चित्रकथीत चित्र मुके असते. सांगणाऱ्याच्या कंठातून ते जिवंत होते. 'राजी'त वाटेवरच्या भित्तिचित्रांपुढे थांबले की त्यांमागची आख्यायिका ऐकू येते. येथे खेळ थांबतो आणि कथा चालू लागते. या जागा फार सुंदर आहेत.

नेमक्या याच जागी आमचा समालोचक आरडाओरडा करी. त्याची भाषा रांगडी, कोल्हापुरी, हसवणारी. मूळ इंग्रजी निवेदनाला ती सर नव्हती. (२०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला.) तरीही आम्ही त्याला खासबागेची आठवण करून दिली. शाहू महाराजांच्या काळापासून, १९१२ पासून, तेथे कुस्त्या रंगत आल्या आहेत. कुस्तीचा चांगला निवेदक पैलवानाचे गाव, तालीम, वस्ताद सांगतो, डावाचे नाव घेतो आणि दोघे पैलवान एकमेकांचा अंदाज घेत असतात तेव्हा आवाज उतरवतो. समोर काय चालले आहे हे ठाऊक असणे ही समालोचनाची पहिली अट होय. दुसऱ्या दिवशी मुलगा भित्तिचित्रांपुढे गप्प राहिला, आणि लहान मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आता दोष. गोलू हे पात्रच नव्हे, ते निमित्त आहे. त्याचा हट्ट, त्याची खोडी, बहिणीशी त्याचे भांडण यांतले काही आमच्या मनावर ठसत नाही. मग त्याच्या विरहाची कळ आम्हांला कशी जाणवावी? दुसरे असे की राजीपुढे वाट एकच आहे. ती कोसळली, मेली, तरी थोड्या अलीकडे पुन्हा उभी राहते. इच्छास्वातंत्र्याविषयी आम्ही सेमिनरीत जे शिकलो त्यानुसार, निवड नसेल तेथे शौर्य असू शकते, परंतु नैतिक नाट्य नसते. एखाद्या असुराला मारावे की सोडावे, एवढा एक प्रश्न जरी राजीला पडला असता तरी ही कथा उंचावली असती.

आणि शेवट? तो शेवट नव्हेच. अंतिम झुंज संपते आणि गोष्ट अर्ध्यावर सोडल्यासारखी पडदा पडतो. लहान मुलांनी समालोचकाला विचारले, "पुढं काय झालं?" त्याने खेळणाऱ्याकडे पाहिले, खेळणाऱ्याने पडद्याकडे. तेथे कलावंतांची नावे सरकत होती.