शेंदूर आतून लावलेला दगड

आमच्या गावच्या एसटी स्टॉपमागे चार दगड पडलेले होते. त्यातल्या एकाला कुणीतरी शेंदूर फासला. बाकीच्या तिघांवर आम्ही एसटीची वाट बघत बसायचो, त्या एकावर पुन्हा कुणी बसलं नाही. चारही दगड एकाच खाणीतले असणार.

अनिश कपूर यांच्या ‘व्हॉइड फील्ड’ (१९८९) या शिल्पाचे फोटो फोनवर बघताना मला ते दगड आठवले. वालुकाश्माचे मोठाले, ओबडधोबड ठोकळे जमिनीवर मांडलेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक लहानसं गोल काळं भोक आहे. बस, एवढंच. १९९० साली व्हेनिस बिएनालेत ब्रिटनच्या दालनात हे काम होतं.

या भोकाबद्दल वाचायला घेतलं की ‘शून्य’ हा शब्द लवकरच भेटतो. कपूर यांचा जन्म मुंबईचा, १९५४ चा. मग शून्यता, उपनिषदं, गाभारा अशी माळच लागते. ‘भारतीय कलाकार’ ही पाटी स्वतः कपूर यांना कधी फारशी रुचलेली नाही. मला हे अर्थ चुकीचे वाटत नाहीत, पण घाईचे वाटतात. पाटी वाचून झाली की दगड बघायचा राहूनच जातो.

कारण ते भोक रिकामं नाहीच. आत गडद रंगाच्या भुकटीचा लेप आहे. ती जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेते. खोली कळायला डोळ्याला उजेड-सावलीचा फरक लागतो, इथे तोच मिळत नाही. भोक हातभर खोल आहे की वर नुसता काळा गोल रंगवलाय, हे ठरत नाही.

कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य हे उत्तर असतं. नल म्हणजे उत्तर अजून आलेलंच नाही. कपूर यांचं भोक नल आहे, आणि आपण घाईघाईने तिथे शून्य भरून मोकळे होतो.

१९७९ मध्ये भारतात येऊन गेल्यावर कपूर यांनी ‘१००० नेम्स’ ही मालिका केली. त्यात कोरडी रंगभुकटी आकारांवर बाहेरून पसरलेली होती. ‘व्हॉइड फील्ड’मध्ये रंग दगडाच्या आत गेला. बाहेरचा शेंदूर काय मानायचं ते लांबूनच सांगतो. आतला रंग जवळ बोलावतो आणि गप्प राहतो. फोटोत मात्र हे सगळं हरवतं. स्क्रीनवर ते भोक म्हणजे एक काळा स्टिकर दिसतो.

एक शंका उरते. दालन, तिकीट, पाटी हासुद्धा शेंदूरच नाही का? हेच ठोकळे आमच्या स्टॉपमागे असते तर आम्ही त्यांवर बसलोच असतो. पण कधीतरी कुणाचा तरी हात त्या भोकापाशी गेला असता, आणि आत घालावा की नको म्हणून काठावरच थांबला असता.