चर्चासत्रातला निबंध: हॉल यांचे ‘एन्कोडिंग-डिकोडिंग’ पुन्हा वाचताना

संज्ञापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्टुअर्ट हॉल यांचे ‘एन्कोडिंग-डिकोडिंग’ प्रारूप तुम्ही शिकला असाल. एक आकृती आणि वाचनाचे तीन प्रकार: प्रभुत्वशाली, तडजोडीचे व विरोधी. परीक्षेला एवढे पुरते. पण हे लेखन पाठ्यपुस्तकासाठी झालेच नव्हते. ते चर्चासत्रात मांडलेले टिपण होते, आणि हे विसरले की त्याचा अर्धा अर्थ हरवतो, असे माझे मत आहे.

सप्टेंबर १९७३ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे दूरचित्रवाणीच्या भाषेचे चिकित्सक वाचन या विषयावर परिसंवाद झाला. लेस्टर विद्यापीठाचे जनसंज्ञापन संशोधन केंद्र त्याच्या यजमानांपैकी एक होते. प्रेक्षकांवरील परिणाम आणि आशयाचे मोजमाप या रूढ पद्धतींशी त्या केंद्राचे नाव जोडलेले होते. हॉल यांचा रोख नेमका त्या पद्धतींवर होता; ‘आपण लेस्टरच्या मंडळींशी वाद घालत होतो’ अशा आशयाचे त्यांनी पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सांगितले. म्हणजे ज्यांच्या घरी गेलो त्यांच्याशीच भांडण! मूळ टिपणात काउबॉयपटांची आणि पडद्यावरील हिंसेची लांबलचक चर्चा आहे. १९८० च्या संग्रहात ते संक्षिप्त रूपात आले, आणि बहुतेकांच्या हाती येतो तो हाच संक्षेप. वाद गळाला, आकृती उरली.

आता आपल्याकडचे चर्चासत्र आठवा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बीजभाषण लांबते. मग संशोधक विद्यार्थ्याला दहा मिनिटे, त्यातली पाच स्लाइड उघडण्यात. ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत’ हे वाक्य आणि मग प्रमाणपत्र. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन सादरीकरणे आणि एक प्रकाशित शोधनिबंध सक्तीचे होते. मोजणी सुरू झाली की माणूस मोजले जाते तेवढेच करतो. २०२२ च्या नियमांनी ही सक्ती काढली, ते बरे झाले. पण सवय राहिली.

हॉल तेव्हा बर्मिंगहॅमच्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्राचे संचालक होते. रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेले हे पदव्युत्तर संशोधनाचे छोटे केंद्र. तिथे विद्यार्थ्यांचे अभ्यासगट एकमेकांचे कच्चे मसुदे वाचत. केंद्राची टिपणे स्टेन्सिलवर छापून वाटली जात, लेस्टरचे हे टिपणही त्यातलेच. (आपल्याकडे याला सायक्लोस्टाइल म्हणत, तुमच्या प्राध्यापकांना विचारा, शाईचा वास आठवेल.) ‘पोलिसिंग द क्रायसिस’ या १९७८ च्या ग्रंथावर पाच लेखकांची नावे आहेत, ती या पद्धतीमुळे. पण केंद्राचे उदात्तीकरण नको. त्याच वर्षी तिथल्या स्त्री-अभ्यास गटाने ‘विमेन टेक इश्यू’ काढले आणि प्रस्तावनेत केंद्रातील कामात स्त्रियांना सहभागी होणे किती अवघड जाते हे लिहिले. खुल्या चर्चेतही कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हा प्रश्न उरतोच.

प्रारूपाचे पुढे काय झाले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केंद्रातील डेव्हिड मॉर्ली यांनी बीबीसीच्या ‘नेशनवाइड’ कार्यक्रमाचे दोन भाग एकूण २९ गटांना दाखवले. त्यावरचे पुस्तक १९८० मध्ये आले. वर्गावरून वाचन ठरेल, ही अपेक्षा पुरी झाली नाही. बँक व्यवस्थापक आणि शिकाऊ कामगार, दोघांचेही वाचन प्रभुत्वशालीकडे झुकले. कामगार संघटनांचे कार्यकर्ते विरोधी वाचनाच्या जवळ गेले. आणि काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा कार्यक्रमाशी संबंधच जुळला नाही. सहमती नाही, विरोध नाही. त्यांच्या लेखी तो कार्यक्रम त्यांच्यासाठी नव्हताच. तीन खान्यांत हे कुठे बसवणार?

म्हणून ‘प्रारूप स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, तर तीन प्रकार जरूर लिहा. त्याखाली एक ओळ जागा सोडा आणि या विद्यार्थ्यांबद्दलही लिहा. गुण कदाचित वाढणार नाहीत. पण पुढे तुम्ही संशोधनाकडे वळलात आणि एखाद्या चर्चासत्रात अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, तर विचारायला निदान एक प्रश्न तुमच्याकडे तयार असेल.